शेवटच्या टोकाला

टाकी तीन फुटांची. चिन्मयने ठेवली,
"आठ दिवस सांभाळा, बाबा," म्हणून.
त्याला आता साडेचार महिने झाले.
वाकडच्या नव्या घरात त्याचा टीव्ही मावला,
टाकी मावली नाही.

म्हणून मी, बबन काळोखे, निवृत्त चावीवाला,
एकतीस वर्षं रस्त्यातल्या झाकणात हात घालून
निम्म्या पुण्याला पाणी सोडलेला माणूस,
सकाळी सहाला स्टुलावर उभा,
कोपरापर्यंत भिजलेला,
आणि दोन नळ्या कुठे लावाव्यात ते ठरत नाही.

एक ओढते, एक सोडते. एवढंच तर आहे.
पहिल्यांदा मी सरळ हिशेब केला:
सोडायची डावीकडे, ओढायची उजवीकडे.
लाइन अशीच टाकतात. उगम इथे, टोक तिथे.
तिसऱ्या दिवशी लाकडामागे बोटभर मळ,
आणि वर तेलकट साय,
विसरलेल्या चहावर धरते तशी.

चिन्मय फोनवर म्हणाला,
दोन्ही नळ्या एकाच बाजूला लावा.
पाणी समोरच्या काचेवर आपटेल, खाली वळेल,
वाळूवरून परत येईल.
मी म्हटलं, शहाणा आहेस.
माझ्या नोकरीत पाणी एकदा गेलं की गेलं.
परत आली ती फक्त तक्रार.

धनकवडीच्या चढावर, लाइनीच्या शेवटच्या घरात
खळदकर बाई राहायच्या.
खाली लोक जिने धुवायचे, गाड्या धुवायचे,
बाईंच्या नळाला नुसती हवा. फुस्स.
"काळोखे, तुमचं पाणी ऐकू येतं," म्हणायच्या,
"दिसत नाही."
मी चावी अर्धा आटा जास्त फिरवायचो.
अर्ध्या आट्याने पाणी चढ चढत नाही.
त्यांनाही माहीत होतं. तरी चहा द्यायच्या.
कुठल्या पाण्याचा, ते मी कधी विचारलं नाही.

गुरुवारी पाणी बंद होतं.
कुणाच्या तरी खात्यात दुरुस्ती, माझ्या नाही आता.
ऐकलं मग पोराचं.
सोडणारी नळी वर, पाण्याच्या रेषेखाली करंगळीभर,
तोंड किंचित आभाळाकडे,
म्हणजे वरचं पाणी मोडत राहतं.
जुन्या कात्रजच्या नळाला वाटेत उच्छ्वास बांधलेले,
एका साहेबांनी दाखवले होते:
पाण्यालाही दम घ्यावा लागतो, काळोखे.
ओढणारी त्याच बाजूला, खाली,
वाळूपासून चार बोटं, नाहीतर वाळूच गिळते.

खाण्याची चिमूट चुरून सोडली.
एक लाल कण धरला नजरेत.
तो वरून गेला सुसाट,
समोरच्या काचेशी घुटमळला,
पत्ता विसरल्यासारखा,
मग उतरला खाली,
लाकडाखालून, वाळूला घासत, मळाला हलवत
आला परत.
जिथून निघाला तिथेच.
मी हिला हाक मारली, अगं बघ!
ती म्हणाली, गॅसवर दूध आहे.

फक्त तो एक मिशीवाला, तळाशी राहणारा.
लाकडामागची निवांत जागा त्याची होती,
तोच मळाचा कोपरा.
आता तिथेही झोत पोचला,
तर बिचारा पंख ताणून काचेला चिकटलेला,
उतारावर ब्रेक दाबून उभ्या रिक्षासारखा.
दुपारभर तसाच.

संध्याकाळी मी एक दगड दोन बोटं सरकवला.
झोत फुटला, दोहीकडून गेला.
मागे हातरुमालाएवढी जागा स्तब्ध राहिली.
मिशीवाला गेला, बसला.
तेवढ्यात थोडा मळ साचतो पुन्हा,
तो मी रविवारी नळीने ओढून काढतो.
एकतीस वर्षं ज्या शेवटच्या टोकाला
पाणी पोचावं म्हणून झटलो, तिथे
ते अडवायला शिकलो. चालायचंच.

रात्री चिन्मयचा फोन.
"फिरतंय का पाणी?"
फिरतंय.
"सगळीकडे?"
फिरतंय म्हटलं ना.
मग तो काही बोलला नाही, मीही नाही.
फिल्टरचा आवाज त्याला ऐकू गेला असेल.
ठेवताना एवढंच सांगितलं,
पाणी बदलायला दोन बादल्या लागतात,
आणि दुसरी आताशा
माझ्याच्याने उचलत नाही.